हंगाम कुणाचा? खो-खोचा की कोयत्याचा?

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे. मूळ गाव कळंबअंबा, तालुका केज, जिल्हा बीड. मग काय विचारता! फलक लागले, हार-फेटे आले, 'बीडची लेक, बीडची शान' अशी भाषणं झाली. गर्भातच मुली मारण्यासाठी ज्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, त्या जिल्ह्याला एकाएकी लेकींचा पुळका आला.

आनंद मलाही झाला. प्रियंकाच्या कर्तृत्वातला एक कणही मला उणा करायचा नाही. माझं भांडण आहे ते तिच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो छापून घेणाऱ्यांशी. कारण प्रियंका खेळाडू म्हणून वाढली ती पुणे-पिंपरी चिंचवड परिसरात. मैदान तिकडचं, सराव तिकडचा. बीडनं तिला काय दिलं? आडनावापुढे लावायला गावाचं नाव. ती गावातच राहिली असती तर आज कुठे असती, हा प्रश्न एकाही सत्कारात कुणी विचारला नाही. तो मी इथे विचारणार आहे. आणि उत्तरही देणार आहे, कारण त्याआधीचा अख्खा हंगाम मी अशाच मुलींबरोबर काढला आहे.

'मुली मोठ्या झाल्या की खेळ सोडतात' असं वाक्य आपण शाळेत, कचेरीत, घरात सगळीकडे ऐकतो. हे वाक्यच खोटं आहे. मुली खेळ सोडत नाहीत, तो त्यांच्या हातातून काढून घेतला जातो. आणि आमच्या जिल्ह्यात तर त्याचं वेळापत्रकसुद्धा ठरलेलं आहे.

एका संघाची गोष्ट

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात आमच्या संघटनेचं काम आहे. तिथल्या शाळेच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या खो-खो संघाबरोबर २०२४ चा हंगाम मी होते. शाळेत शिक्षिका एकही नाही. मुलींचा संघ परगावी न्यायचा तर सोबत बाई हवी, म्हणून खेळाच्या सरांनी मला गळ घातली. गावाचं, शाळेचं, मुलींचं नाव देत नाही. मला लिहून मोकळं होता येतं, त्यांना तिथंच राहायचं आहे.

जूनमध्ये पंधरा मुली जमल्या. मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाड जागा. खांब बाभळीचे, मुलींनीच तासलेले. फक्की विकत आणायला पैसे नाहीत म्हणून पहिले दोन आठवडे पाट्या राखेनं आखल्या. खो-खोला लागतं तरी काय? दोन खांब, पांढरी रेघ आणि धावणारे पाय. म्हणूनच तो गरिबांच्या पोरींचा खेळ आहे. साहित्य नाही म्हणून मुली खेळत नाहीत, ही सबब या खेळाला लागूच पडत नाही.

सरावाची वेळ पहाटे साडेपाचची, कारण संध्याकाळी पाणी भरायचं असतं, शेळ्या बांधायच्या असतात, चूल पेटवायची असते. मुलगे संध्याकाळी त्याच जागेवर क्रिकेट खेळत. त्यांच्या घरीही पाणी भरलं जायचं आणि चूल पेटायची, फक्त त्यांच्या बहिणींकडून.

ऑगस्टमध्ये तालुक्याच्या स्पर्धेला आम्ही एसटीनं गेलो. मुलींनी सलवारीवर खेळायची सवय केलेली होती. तिथं समोरचा संघ हाफ पँट घालून आला, तेव्हा आमच्या पोरी आधी लाजल्या आणि मग चिडल्या. सलवार गुडघ्यात अडकते, सूर मारताना फाटते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढच्या सामन्याला त्यांनी भावांच्या पँटी मागून आणल्या. गावात दोन दिवस कुजबूज झाली. तालुका जिंकल्यावर ती बंद पडली. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: इज्जतीची व्याख्या एका ढालीपुढे दोन दिवसांत वाकते.

सप्टेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या आणि आम्ही त्याही जिंकलो. मैदानाशेजारी मुलींना कपडे बदलायला आडोसा नव्हता. संडास होता, त्याला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. दोघींची पाळी चालू होती. एक साडी आणि मी, असा आडोसा आम्ही केला. तशा अवस्थेत त्या मुली नऊ-नऊ मिनिटांचे डाव पळाल्या. त्या दिवशी मी ज्या पळत्या पाहिल्या त्यांचं वर्णन इथे करत नाही. या मुलींना पळता येतं की नाही, हा प्रश्न संपला एवढंच सांगते.

विभागीय स्पर्धा दिवाळीनंतर होत्या. तिथून पुढे राज्य.

जुलैमध्येच एका आईनं मला सांगितलं होतं, "खेळू द्या ताई, खेळती तवर. दिवाळीपोतरच हाये ती." मला वाटलं ती काळजीनं बोलतेय. ती तारीख सांगत होती.

दिवाळी झाली आणि ट्रक भरायला लागले. आमच्या नोंदवलेल्या बारा मुलींपैकी तिघी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्या. एक पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर, दोघी कर्नाटकात. खांबावर सूर मारून गडी टिपणारी आमची चौथी मुलगी, वय सोळा, तिचं लग्न लागलं. दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात, पत्रिका न छापता. आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तक्रार द्यायला गेलो, तर 'आधी कळवायचं होतं', 'पत्रिका आहे का', 'फोटो आहे का' अशी उत्तरं मिळाली.

राहिल्या आठ. नवी नावं घालायची मुदत संपली होती. खो-खोत आठ जणी पाटीवर बसतात आणि नववी धावते. पाटीवर बसायला आमच्याकडे आठ होत्या, धावायला नववी नव्हती. त्या दिवसाच्या कागदावर आमच्या शाळेच्या नावापुढे एकच शब्द पडला: गैरहजर.

या शब्दावर माझा आक्षेप आहे. गैरहजर मुली नव्हत्या. त्या कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मुकादमाला माहीत होतं, कारखान्याला माहीत होतं, शाळेच्या हजेरीपटाला माहीत होतं. गैरहजर होतं ते हंगामी वसतिगृह. आईबाप फडावर गेल्यावर मुलांना गावात जेवण मिळावं म्हणून असलेली ही सोय आमच्या गावात सुरू झाली डिसेंबरात. ट्रक गेले नोव्हेंबरात. आगीचा बंब घर जळून गेल्यावर आला तर आपण त्याला काय म्हणतो?

वेळापत्रक हलत नाही म्हणता?

'ऊसतोडीचा हंगाम आणि स्पर्धांचा हंगाम एकमेकांवर येतो, त्याला आम्ही काय करणार?' हे मला अनेकांनी ऐकवलं. जणू दोन्ही हंगाम पावसासारखे आभाळातून पडतात!

त्याच वर्षाचं उदाहरण घ्या. २०२४ चं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू होणार होतं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. ऊसतोड कामगार मतदानाआधीच जिल्ह्याबाहेर जातील म्हणून गाळपच पुढे ढकला, अशी मागणी झाली. पुढाऱ्यांना एकदम जाणवलं की माणसं ट्रकमध्ये बसून निघून जातात. म्हणजे मतासाठी अख्ख्या राज्याच्या कारखान्यांचा हंगाम हलवण्याची चर्चा होऊ शकते. मुलींच्या खो-खोची तारीख तीन आठवडे अलीकडे आणायची चर्चा मात्र आजवर एकाही बैठकीत झालेली मी ऐकलेली नाही. सोळा वर्षांच्या मुलीला मत नसतं. तिच्यासाठी कोण कशाला तारीख हलवील?

'मुलगेही जातात की फडावर' असाही एक युक्तिवाद आहे. जातात, आणि त्यांच्यावरही अन्यायच होतो. पण कोण जातो आणि कोण मागे राहतो हे नीट पाहा. घरात एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर शिकायला आजीपाशी बहुधा मुलगा राहतो. मुलगी जाते, कारण पहाटे आईबाप फडात शिरले की कोपीवर भाकरी कुणी करायच्या आणि धाकटं लेकरू कुणी सांभाळायचं? तिची मजुरी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. मुकादमाच्या हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल मिळते ती पूर्ण कोयत्याला. मग सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा कोयता पूर्ण करायला बायको लागते, आणि आमच्या सूर मारणाऱ्या मुलीचं लग्न त्या हिशेबात लागतं. तिच्या सासूनं मला हे अगदी सरळ सांगितलं, त्यात तिला लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

आणि मुलग्यांना निदान एक दार तरी आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकला, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावला. तो धावपटू झाला सैन्यात भरती झाल्यावर. सैन्यानं त्याला खायला घातलं, बूट दिले, प्रशिक्षक दिला. गरीब घरातल्या मुलाचे पाय कुठल्या तरी संस्थेच्या नजरेत भरले. डोंगरपट्ट्यातल्या मुलीचे पाय नजरेत भरतात ते मुकादमाच्या आणि सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांच्या.

एक दाखला, दोन उपयोग

इथे मला एक परदेशातली गोष्ट सांगायची आहे. १९५५ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात अॅबी हॉफमन नावाच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला बर्फावरची हॉकी खेळायची होती. संघ फक्त मुलग्यांचे होते. केस आखूड असलेली ही मुलगी 'अॅब हॉफमन' या नावानं मुलग्यांच्या लीगमध्ये शिरली आणि जवळजवळ पूर्ण हंगाम बचावफळीत खेळली. ती इतकी चांगली खेळली की निवडक खेळाडूंच्या संघात तिची निवड झाली, आणि तिथंच घोटाळा झाला. निवड झाल्यावर जन्मदाखले तपासले गेले आणि कळलं की हा मुलगा मुलगी आहे! वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. हीच मुलगी पुढे धावपटू झाली, चार ऑलिम्पिक धावली आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये आपल्या देशाचा झेंडा घेऊन चालली. मुलग्यांच्या हॉकी संघात मुलीला प्रवेश मिळायला मात्र तिथेही कोर्टात जावं लागलं. ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क कायद्यात खेळापुरती लिंगभेदाला चक्क सूट ठेवलेली होती. जस्टिन ब्लेनी या शाळकरी मुलीनं ती लढवली आणि १९८६ मध्ये अपील न्यायालयानं ती सूट रद्द ठरवली.

ही गोष्ट मी सांगते ती त्या दाखल्यासाठी. अॅबीला जन्मदाखल्यानं मैदानाबाहेर काढलं. आमच्याकडे त्या दाखल्याची गंमत निराळीच आहे. आमच्या प्रत्येक मुलीचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार कार्ड हे सगळं तालुक्याला तपासलं, जिल्ह्याला पुन्हा तपासलं. ही मुलगी सतरा वर्षांखालची आहे ना, याची सरकारनं पूर्ण खात्री करून घेतली. एखादी मुलगी दोन महिन्यांनी मोठी निघाली असती तर संघ बाद झाला असता. खेळात वयाची चोरी चालत नाही!

आणि त्याच मुलीचं दोन महिन्यांनी लग्न लागलं तेव्हा भटजी, मुकादम, सोयरे, मांडववाला, जेवायला आलेले यांच्यापैकी कुणालाही तिचा दाखला पाहावासा वाटला नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. क्रीडा कार्यालयाच्या कपाटात तिच्या अल्पवयाचा सही-शिक्क्यानिशी पुरावा पडून, आणि त्याच सरकारचा दुसरा माणूस म्हणतो की वयाचं आम्हाला कसं कळणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा पाहा: बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के, म्हणजे आमचं दुप्पट. आमच्या बारा मुलींचा संघ या आकड्यात बसवून बघा. पाच जणी जातात. म्हणजे २०२४ मध्ये आमच्या संघातली एकच गेली, तर आम्ही नशीबवानच म्हणायच्या!

'आधी पोट, मग खेळ'

आता आपल्याच घरातल्या भांडणाकडे येते. चळवळीतल्या काही मैत्रिणी मला म्हणाल्या, "ऊसतोड बाईला मजुरी नाही, दवाखाना नाही, पाणी नाही, आणि तू खो-खोचं काय घेऊन बसलीस? खेळ हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे."

त्यांना माझं उत्तर असं. बीड जिल्ह्यातल्या बाईच्या देहाचा हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. त्याच्या दहा वर्षं आधी ८९४ होत्या. म्हणजे देह तयार होतानाच पहिली चाळणी लागते. जगली तर अठराच्या आत लग्न, ही दुसरी. मग फड. डोक्यावर मोळी, पोटात मूल, आणि पाळीच्या दिवशी बसावं तर खाडा, खाड्याचे पैसे कापलेले. हा खाडा चुकवण्यासाठी काय होतं ते २०१९ मध्ये सगळ्या देशानं ऐकलं. सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा बायकांमागे एक!

या सगळ्या प्रवासात बाईचा देह कुणाकुणाचा असतो? सोनोग्राफीवाल्याचा, सासरचा, मुकादमाचा, डॉक्टरचा. तिचा स्वतःचा तो कधी असतो? मी पाहिलेल्या त्या एका हंगामात तो पहाटे साडेपाच ते सात या वेळात होता. तेवढा दीड तास ती मुलगी कुणासाठी राबत नव्हती. पाय तिचे, दम तिचा, खरचटलेला गुडघाही तिचा. आपल्या अंगात किती जोर आहे हे ज्या मुलीनं एकदा अनुभवलंय, तिला पुढे कुणी 'पिशवी काढून टाक, कटकट मिटेल' म्हणालं तर ती निदान 'का?' असं विचारील. आरोग्याची शिबिरं आपण घेतो, शरीराची ओळख करून देणारे तक्ते लावतो. ती ओळख मैदानावर तक्त्याशिवाय होते. म्हणून खेळ हा पोटानंतरचा प्रश्न नाही. आपण ज्याला देहावरचा हक्क म्हणतो, त्याचाच तो पहिला धडा आहे.

आणि पोटाचंच म्हणाल, तर शेजारच्या धाराशिवची सारिका काळे बघा. गरीब घरातली खो-खोपटू. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची सुवर्णविजेती कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती, आणि सरकारी नोकरीत क्रीडा अधिकारी. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पण या सगळ्याची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरीपायरीनं चढायची असते. आमच्या मुलींची शिडी नेमकी विभागापाशी, नोव्हेंबरात, काढून घेतली जाते. म्हणजे 'गैरहजर' या एका शब्दात त्यांच्या हातून एक ढाल गेली एवढंच नाही. गुण गेले, नोकरीची शक्यता गेली, आणि 'पोरगी काहीतरी करतीय, दोन वर्षं थांबू' असं बापाला म्हणायला जे निमित्त लागतं तेही गेलं. डोंगरपट्ट्यात लग्न लांबवायला मुलीच्या इच्छेचा उपयोग होत नाही. निमित्ताचा होतो. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर आठशे मीटरची तयारी करणाऱ्या मुली मी पाहते. 'भरतीचं चाललंय' या तीन-चार अक्षरांवर त्यांनी दोन-दोन वर्षं पाहुणे परतवून लावलेत. मैदान हे असं निमित्त गावागावात तयार करू शकतं.

आमच्या मागण्या

नुसता संताप व्यक्त करून थांबायचं नाही, म्हणून मागण्या मांडते. त्यांत अशक्य असं एकही नाही.

एक. ज्या तालुक्यांतून ऊसतोडीला स्थलांतर होतं, तिथल्या मुलींच्या तालुका ते विभाग या सगळ्या शालेय स्पर्धा दसऱ्याच्या आत संपवा. राज्यस्पर्धेला निवडलेल्या मुलींची राहण्या-जेवण्याची सोय सरकारनं करावी.

दोन. हंगामी वसतिगृहांना मंजुरी आणि पैसा सप्टेंबरातच द्या. पहिला ट्रक निघण्याआधी पहिली पंगत बसली पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ४१ तालुके, प्रत्येकी एक मुलींचं आणि एक मुलांचं, अशी ८२ वसतिगृहं. त्यांतल्या प्रत्येक मुलींच्या वसतिगृहाशेजारी दोन खांब रोवण्याएवढी जागा आणि शिकवायला एक बाई हवी. इमारतीचं उद्घाटन करताना हे विचारायला आपण हजर राहिलं पाहिजे.

तीन. शालेय स्पर्धांत नोंद झालेल्या मुलींची यादी जन्मतारखांसह त्या-त्या गावच्या बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. हंगामाच्या मध्यात संघातून मुलगी गळाली तर कारण लेखी नोंदवा. 'गैरहजर' हे कारण नव्हे.

चार. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान बंधनकारक केलं, पण उच्च प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला शंभरच्या वर पटसंख्येची अट घातली. डोंगरातल्या लहान शाळा त्यातून आपोआप बाद. ही अट शिथिल करा, आणि या जागांवर बायकांना प्राधान्य द्या.

पाच. जिथं मुलींच्या स्पर्धा घ्यायच्या तिथं उघडा संडास, पाणी, आडोसा आणि पाळीची सोय नसेल तर ते मैदान स्पर्धेला अपात्र ठरवा. मुलीचा दाखला जितका काटेकोर तपासता, तितकंच मैदानही तपासा.

सहा. अल्पवयीन मुलगी फडावर आढळली तर जबाबदारी एकट्या आईबापावर टाकू नका. ज्या मुकादमानं उचल दिली आणि ज्या कारखान्यानं तो ऊस घेतला, त्यांच्यावरही कारवाई करा.

सातवी मागणी आपली आपल्याकडेच आहे. जिल्ह्यात महिला संघटना आहेत, बचत गट आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. एकेका शाळेचा मुलींचा संघ एकेका गटानं आपला म्हणावा. फार काही करायचं नाही. पहाटे मैदानाच्या कडेला बाई उभी असली तर पोरी मोकळेपणानं पळतात. परगावी जायला बाई असली तर बाप नाही म्हणत नाही. संघातली मुलगी दोन दिवस दिसली नाही तर त्याच संध्याकाळी तिच्या दारात जायचं, आणि गरज पडली तर १०९८ ला फोन करायचा, लग्न लागण्याआधी. हे काम ज्या बाईला गावात सगळे ओळखतात तीच करू शकते.

आमच्या त्या आठ मुलींपैकी सहा जणी आजही पहाटे येतात. फडावरून परतलेल्या तिघींपैकी दोघी पुन्हा आल्या. तिसरीचं नाव पटावरून कमी झालं होतं. ते परत घालायला आम्हाला तीन खेटे पडले, पण घातलं. लग्न झालेली मुलगी सासरी आहे, तिच्याशी बोलणं चालू आहे, तिला दहावीचा अर्ज बाहेरून भरायचा आहे.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि संघ निवडले जातात. पावसाळ्याच्या त्याच दिवसांत, घरात दाणा नसताना, मुकादम उचल वाटायला गावात येतो. तो घरोघर जाऊन कोयते मोजतो. त्याच्या आधी आपण त्या घरी पोचलेल्या असलं पाहिजे.